नाकेदारांच्या चोरवाटा

येडशीत मला खोली मिळाली ती माझ्याजवळ सायकल होती म्हणून. जात, गाव, पगार, लग्न झालं आहे की नाही, यातलं काहीच घरमालकांनी विचारलं नाही. हिवताप निर्मूलनाच्या कामावर मी नुकताच लागलो होतो. साताऱ्याकडचा माणूस, मराठवाडा पहिल्यांदाच बघत होतो. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि खात्याची सायकल घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता सायकलीपाशी उकिडवे बसले. मागचं चाक फिरवलं, कान लावून त्याचा आवाज ऐकला, कॅरियर दोन्ही हातांनी दाबून बघितलं.

"कॅरियर ढिलं हाय. बाकी चांगली हाय," ते म्हणाले. मग माझ्या पेटीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "नवं काय, जुनं काय?"

"पेटी जुनीच आहे."

"पेटी न्हवं. आतलं."

मी गोंधळून एक सदरा नवा असल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, कोटाच्या खिशातून खडू काढला आणि पेटीच्या झाकणावर एक गोल काढून त्यात आडवी रेघ ओढली. म्हणजे मी पास झालो होतो. पुढे त्या घरात राहिलो तितकी वर्षं, मी गावाहून परत आलो की आधी हा प्रश्न, मग ही खूण आणि मगच चहा, असा क्रम कधी चुकला नाही.

गाव त्यांना नाकेदार म्हणायचं. निजामाच्या राज्यात येडशीच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी सरहद्द होती. तिकडे बार्शी, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. इकडचं तिकडे न्यायचं किंवा तिकडचं इकडे आणायचं तर नाक्यावर थांबून गठुडं सोडून दाखवावं लागे आणि नव्या मालावर कर भरावा लागे. या कराचं नाव करोडगिरी. नाकेदारांची उभी नोकरी त्या नाक्यावर गेली. मग संस्थान विलीन झालं, पुढे करोडगिरीही मोडली, आणि ज्या रेघेवर हा माणूस उन्हापावसात उभा राहिला होता ती रेघच राहिली नाही. खात्यानं दुसरीकडे कारकुनी देऊ केली होती. "आता अडवायचं कुणाला?" असं म्हणून ते पेन्शन घेऊन घरी आले.

नोकरीतला काळा कोट मात्र अंगावर राहिला. कोट त्यांच्या पैशानं शिवलेला होता, पण त्याची पितळी बटणं सरकारी होती. ती त्यांनी ब्लेडनं कापून, मोजून, कचेरीत जमा केली होती. ही हकीकत ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत. "समदी बटणं दिली. राज्य बुडालं म्हणून सरकारी माल घरात ठेवायचा व्हय?" पितळी बटणांच्या जागी त्यांनी हाताला लागतील ती लावली होती, एक सदऱ्याचं, एक शिंपल्याचं, एक तर स्पष्टच बायकांच्या पोलक्याचं. तो कोट, डोक्याला बांधलेला पंचा आणि विजारीच्या पायांना लावलेले लोखंडी चाप असा त्यांचा सायकलीवरचा वेष होता.

सायकल म्हणजे त्यांचा जीव. शुक्रवारची नमाज सोडली तर आठवड्यातला कुठलाही दिवस ते सकाळी बाहेर पडत आणि उन्हं कलल्यावर परत येत. कुठे जात? तर त्यांच्या जुन्या चोरवाटांनी. नाका चुकवून माल नेणाऱ्यांच्या मागे ते पंचवीसएक वर्षं धावले होते, त्यामुळे बालाघाटाच्या त्या सोंडांमधली कुठली घळ कुठे उतरते हे त्यांच्या पायांना पाठ होतं. ज्या वाटेनं जो माल जायचा तेच तिचं नाव. साखरेची वाट लांब पण सपाट, कारण पोतं पाठीवर घेऊन चढ चढवत नाही. तंबाखूची वाट ओढ्याओढ्यानं, झाडीतून. कापडाची वाट सगळ्यात उभी. कापड हलकं, पळायला सोपं. ही नावं ऐकायला मला मौज वाटायची. दुसरे लोक डोंगर बघून देवळं आणि किल्ले आठवतात, नाकेदारांना साखर आठवायची.

आणि त्यांच्या कॅरियरवर पोतं असायचं. वाळूनं भरलेलं, दोऱ्यांनी उभं आवळून बांधलेलं, आणि त्याच्या डोक्यावर कापडाच्या चुंबळीत बसवलेला पाण्याचा तांब्या. घरी आले की आधी तांब्यात डोकावून बघत. पाणी फार हिंदकळून गेलं असेल तर "नापास" म्हणत आणि हात धुवायला जात. गावात त्यांच्या या सवारीवरून लोक हसायचे. स्टेशनावरचे हमाल ओरडून विचारायचे, "नाकेदार, आज वाळू कुठं पोचवली?" हे उत्तर द्यायचे, "पोचवली न्हाय. परत आणली." एवढं खरं होतं. वाळू रोज जायची आणि रोज परत यायची.

मला आधी वाटलं, माणसाचं डोकं जरा फिरलं आहे. पण मलाही खेड्याखेड्यातून फिरायचं होतं, भिंतींवर फवारणीची तारीख लिहायची होती, आणि रस्ते माहीत नव्हते. तेव्हा मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. सायकलीवर बसायला मी लहानपणीच शिकलो होतो, पण सायकलीवरून प्रवास करायला मी नाकेदारांकडून शिकलो. चढ आला की उतरायचं, त्यात लाज धरायची नाही. "चढावर सायकल ही आपली पाव्हणी. तिला हाताला धरून न्यायची." उतारावर ब्रेक आवळून धरायचा नाही, दाबत सोडत जायचं. काळ्या मातीत पाऊस पडून गेला असेल तर सायकल बाहेर काढायचीच नाही. माती मडगार्डात अशी भरते की सायकल माणसाच्या खांद्यावर बसून घरी येते. बाभळीखालून जाताना चाक गाडीच्या चाकोरीत ठेवायचं, कारण तिथले काटे बैलांनी आधीच तुडवलेले असतात. वारा समोरून असेल तर बोलायचं नाही. वारा पाठीशी असेल तर मात्र ते सारखे बोलत. हरणांचा कळप दिसला, की थांबून पंचा सोडत, तोंड पुसत आणि कळप दिसेनासा होईपर्यंत उभे राहत.

नव्या तलावाचा पाट तेव्हा नुकताच खणला होता. पाटाच्या बांधावरून सायकल चालवण्यासारखं सुख मी नंतर कुठेच अनुभवलं नाही. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला खाली ज्वारी, आणि मधे ठोकून सपाट केलेली हातभर रुंद वाट. नाकेदार त्या वाटेवर लहान मुलासारखे खूश व्हायचे. "ह्या वाटेला नाव न्हाय अजून," ते म्हणायचे, "हिच्यावरनं कुणी चोरी केलीच न्हाय." पण पाट अर्ध्यावर संपायचा, पुढे नांगरटीतून जावं लागायचं आणि तिथे तांब्या सांडायचा.

पोत्याचा उलगडा मला रामलिंगाच्या घळीत होऊ लागला. देवळाकडे उतरणाऱ्या वाटेवर माकडं फार. त्या दिवशी नाकेदार सायकल झाडाला टेकवून पुढची उतरण बघायला गेले, आणि तेवढ्यात दोनचार माकडांनी पोत्यावर झडप घातली. त्यांना वाटलं असणार, शेंगा आहेत. मी दगड उचलला, पण माझ्या आधी नाकेदार हवेचा पंप उगारून धावत आले. साठीच्या घरातला माणूस, पण असा धावला की मीच बाजूला झालो.

"सोड! सोड म्हणतो ना!" ते किंचाळत होते. "बाईमाणूस बसलंय वर, दिसत न्हाय?"

माकडं पळाली. तांब्या गडगडत खाली गेला. नाकेदारांनी पोतं सरळ केलं, त्याच्या एका फाटक्या कोपऱ्यावर हात ठेवला, जणू लागलं आहे का बघत होते. मग त्यांना कळलं की मी ऐकलं आहे. परत येताना वारा पाठीशी होता, तरी ते एक शब्द बोलले नाहीत.

नाकेदारांच्या बायकोला मी चाची म्हणायचो. ठेंगणी, गोरी, कपाळावर आठी पण आवाज मऊ, अशी बाई. चालताना एक गुडघा धरून चालायच्या. नवराबायकोत भांडण म्हणून कधी ऐकलं नाही, पण एक चमत्कारिक गोष्ट होती. सायकलीचा, वाटांचा विषय निघाला की चाची नाकेदारांशी सरळ बोलत नसत, माझ्यामार्फत बोलत. ते अंगणात बसून मला मोठ्यानं सांगायचे, "अहो हिवताप, आज तंबाखूच्या वाटेवरच्या बाभळी तोडल्या म्या." ते मला कायम हिवतापच म्हणायचे. आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "बेटा, विचार त्यांना, हाताला काटं मोडले का?" काटे मोडलेले असायचे. मग थोड्या वेळानं सुई आणि हळद बाहेर यायची, तीही माझ्याच हातात.

हिवतापाच्या माणसाला हिवतापानं धरावं यावर गाव आठवडाभर हसलं. मी गोधडीत कुडकुडत पडलो होतो आणि चाची उशाशी बसून डाळ निवडत होत्या. त्या दुपारी नाकेदार बाहेर होते. मी विचारलं, "चाची, त्या पोत्याचं काय आहे?"

त्यांनी सूप जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "ते पोतं मी हाय."

आणि सगळं सांगितलं. त्यांचं माहेर घाटाखाली, पांगरीच्या पलीकडे. घर पिंजाऱ्याचं, कापूस पिंजून देणारं, आणि गरीब. पहिलं बाळंतपण करून त्या माहेराहून परत येत होत्या. बाळ जगलं नव्हतं. रिकाम्या हातानं लेक सासरी कशी पाठवायची म्हणून आईनं एक नवं लुगडं घेतलं आणि गठुडं भरल्यासारखं दिसावं म्हणून त्याखाली चिंध्या भरल्या. घरातली फाटकी लुगडी, जुन्या गादीचे अभ्रे, असलं काहीबाही. आईनं घट्ट गाठ मारली आणि सांगितलं, रात्री एकटीच असशील तेव्हा सोड.

"नाक्यावर हेच व्हते. वर त्यांचा सायब आलेला. रांगेत लई माणसं. ह्यांनी मला बघितलं आणि हातानं खुणावलं, जा म्हणून. तर रांगेतला एक जण बोलला, बायकोचं गठुडं बरं सोडून दिलं! सायबानं मान वर केली. मग हे उठले आणि म्हणाले, नवं काय, जुनं काय? म्या म्हणलं, लुगडं नवं. तर म्हणाले, सोडा." चाचींनी डाळीतला खडा काढून फेकला. "सगळ्या रांगेपुढं माझ्या आईच्या चिंध्या काढल्या बेटा. एकेक. लोक हसले. ह्यांनी लुगड्याची पावती फाडली, गठुड्यावर खडू मारला. चिंध्या म्या एकटीनं गोळा केल्या."

त्या दिवशी चाचींनी ठरवलं, आता जिथे नाका आहे तिथून मी पाऊल टाकणार नाही. बैलगाडी, पुढे एसटी, सगळं त्या नाक्यावरूनच जायचं. रेल्वेच्या स्टेशनावरही करोडगिरीचा माणूस बसायचा, म्हणून रेल्वे नको. भाऊ वर्षातून एकदा आईला घेऊन इकडे यायचा. नाका मोडला, नाक्यावरच्या खोलीचं छप्पर गेलं, तरी चाचींचा शब्द तसाच राहिला. आणि आता आई इतकी थकली होती की तिला घाट चढवून आणणं शक्य नव्हतं. आई खाली, लेक वर. मधे फक्त एक न उरलेला नाका होता.

"मग ते वाट शोधतात ती..."

"नाका चुकवून खाली उतरायची. गुडघ्यामुळं मला चालवत न्हाय, म्हणून सायकलवर. मला हादरे बसू न्हाईत म्हणून तांब्या." त्या किंचित हसल्या. "मला त्यांनी अजून विचारलेलं न्हाय. वाट पास झाली की विचारणार असतील."

ताप उतरल्यावर मी नाकेदारांवर चिडूनच होतो. पाटाच्या बांधावर आम्ही सावलीला बसलो असताना मी स्पष्ट म्हणालो, "चाचा, एवढ्या वाटा धुंडाळण्यापेक्षा एकदा माफी मागून टाका की."

ते रागावले नाहीत. पाण्यात एक काडी टाकून ती जाताना बघत राहिले. "माफी कशाची मागू?" ते म्हणाले. "कायदा बराबर व्हता. गठुडं सोडायला लावलं ते बराबर व्हतं. अन् तिचं वाईट वाटून घेणंबी बराबर. ह्या तिन्हीच्या मधनं वाट न्हाय, हिवताप. लई हुडकली. म्हणून तर दुसऱ्या वाटा हुडकतोय."

मी त्या दिवसापासून माझ्या कॅरियरवर कोयता बांधून नेऊ लागलो आणि त्यांच्याबरोबर बाभळी तोडू लागलो. त्या माणसावर माझा जीव जडला तो तेव्हा. चुकलो म्हणण्याचा एक शब्द ज्याच्या तोंडून निघत नव्हता, त्यानं त्याच्याऐवजी सगळा डोंगर पालथा घातला होता.

एकदा सकाळी बघतो तर पोत्यावर एक गादी बांधलेली. गोधडीसारखी, हातानं टाके घातलेली, वेगवेगळ्या रंगांच्या जुन्या तुकड्यांची. नाकेदार ती बघत खांबासारखे उभे होते. त्या चिंध्या मीही ओळखल्या, म्हणजे चाचींच्या आईनं गठुड्यात भरलेल्या त्याच या असणार हे मला समजलं. आतून आवाज आला, "बेटा, सांग त्यांना, पोतं फाटून वाळू अंगणात सांडतीय. म्हणून बांधलंय." त्या दिवशी नाकेदार घाटात इतके सांभाळून गेले की मला त्यांच्यामागे सायकल चालवणं कठीण झालं.

त्या दिवाळीच्या आधी चाचींचा भाऊ आला. दारात बसून तो पाणी प्यायला आणि खाली मान घालून त्यानं सांगितलं, "आपा, अम्मीला दिसंना झालंय. दोन दिस झाले, जेवली न्हाय. तुझं नाव घेतीय." भाऊ आल्या पावली बार्शीच्या गाडीनं परत गेला. नाकेदारांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उजळला होता. गेल्याच आठवड्यात पाटाच्या पुढची नांगरट आम्ही शेतमालकाला विनवून बांधाबांधानं चुकवली होती आणि तांब्यातलं पाणी जवळजवळ तसंच राहिलं होतं. "पास हाय," ते म्हणाले. "उद्या पाटानं नेतो तिला. तुमी बी चला. पिशव्या तुमच्या सायकलवर."

आणि त्या रात्री परतीच्या पावसानं झोडपून काढलं. सकाळी मी आणि नाकेदार पाटापर्यंत जाऊन आलो. बांध दोन जागी खचला होता, खालची काळी रानं लोण्यासारखी झाली होती. साखरेची वाट, तंबाखूची वाट, सगळ्या वाटा बंद. उघडा होता तो एकच, खडीचा सरळ रस्ता, नाक्यावरून जाणारा. नाकेदार अंगणात परत आले, सायकल उभी केली आणि मडगार्डातली माती काडीनं उकरत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"दोन दिस ऊन पडलं तर..." ते मला सांगू लागले.

चाची बाहेर आल्या. अंगावर धुतलेलं लुगडं, पायात चपला, हातात एक लहान गठुडं. त्यांनी कॅरियरवरच्या दोऱ्या सोडल्या, पोतं जमिनीवर ढकललं, गादी तेवढी कॅरियरवर नीट बसवली. मग वाटांच्या बाबतीत मी तिथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच त्या नवऱ्याशी सरळ बोलल्या.

"सरळ रस्त्यानं चला."

आम्ही निघालो. पुढे नाकेदार आणि मागे कॅरियरवर एका अंगाला पाय सोडून चाची, त्यांच्यामागे मी. नाकेदारांची पिशवी माझ्या सायकलीला होती. पावसानं धुतलेली खडी, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, वाऱ्याचा जोर पाठीशी, आणि तरी कोणी बोलत नव्हतं. घाटाच्या तोंडाशी नाक्याचा कडुनिंब दिसू लागला तसा नाकेदारांचा वेग कमी झाला. कडुनिंबाखाली बिनछपराची खोली होती आणि आडवा बांबू ज्यावर टेकायचा ते दोन दगड होते. माझा अंदाज होता की ते डोळे मिटून तिथून सुसाट जाणार.

"थांबा," चाची म्हणाल्या. "उतरा."

नाकेदार उतरले. चाची त्या दोन दगडांपैकी एकावर बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून. नाकेदारांनी मला पिशवी आणायची खूण केली. त्यांना बहुधा वाटलं, पाणी हवं आहे.

"ती पिशवी हिकडं द्या," चाची त्यांना म्हणाल्या. "पण आत्ता न्हाय. माणसं येऊ द्या."

तेव्हा नाकेदारांना समजलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. त्यांनी पंचा काढून हातात घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले, जिथे रांग लागायची तिथे. बाजाराला निघालेल्या चारपाच बायका टोपल्या घेऊन आल्या. एक बैलगाडी आली. चाचींनी हात करून गाडीवानाला म्हटलं, "दादा, जरा थांबा. तपासणी हाय." गाडीवान नाकेदारांना ओळखत होता. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं कासरा ओढला.

चाचींनी नवऱ्याकडे बघितलं. "नवं काय, जुनं काय?"

नाकेदारांनी माझ्याकडून पिशवी घेतली. "नवं एक लुगडं. अम्मीसाठी. बाकी समदं जुनं."

"सोडा."

त्यांनी पिशवी सोडली आणि एकेक वस्तू दगडावर ठेवली. नवं हिरवं लुगडं. मग भोकं पडलेला बनियन. दुसरा, त्याहून फाटका. गुडघ्यावर ठिगळ लावलेली विजार. एक मोजा, त्याच्या जोडीला दुसऱ्या रंगाचा मोजा. टोपलीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. गाडीवान मोठ्यानं हसला. सगळ्या जिल्ह्याची गठुडी सोडलेला हा माणूस मान खाली घालून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. शेवटी पिशवीच्या तळाशी रुमालाची एक पुरचुंडी निघाली. ती त्यांनी दगडावर ठेवली नाही, मुठीत धरली.

"ते काय हाय?"

"काय न्हाय."

"सोडा म्हणते ना."

त्यांनी मूठ उघडली. पुरचुंडीत एक पितळी बटण होतं. घासून लखलखीत केलेलं, करोडगिरीच्या कोटाचं. मी तोंडात बोटच घातलं. समदी बटणं दिली, समदी बटणं दिली, हे ज्यांच्या तोंडून मी पोटभर ऐकलं होतं त्या माणसाच्या पिशवीत सरकारी बटण! गाडीवानानंही ती हकीकत ऐकलेली असणार, कारण त्याचं हसू एकदम थांबलं.

"एक ठेवलं व्हतं," नाकेदार म्हणाले. आवाज इतका बारीक की बायका पुढे झुकल्या. "द्यायला नेलं. देववलं न्हाय. चुकलं माझं." मग चाचींकडे बघून पुन्हा म्हणाले, "चुकलं माझं. त्या दिशी बी चुकलं."

कुणीच हसलं नाही. चाचींनी बटण उचललं, उन्हाकडे धरून बघितलं. "जप्त," त्या म्हणाल्या आणि ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

नाकेदार आपले कपडे गोळा करायला वाकले. चाचींनी त्यांचा हात बाजूला केला. "राहू द्या. म्या बांधते." फाटके बनियन त्यांनी झटकले, घडी केली, ठिगळाची विजार त्यावर ठेवली, मोजे एकमेकांत घातले, वरून नवं लुगडं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. पिशवीची गाठ मारून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "खडू."

नाकेदारांनी खिशातून खडू दिला.

"पाठ फिरवा."

ते फिरले. चाचींनी त्यांच्या काळ्या कोटाच्या पाठीवर एक मोठा गोल काढला आणि त्यात आडवी रेघ ओढली. मग गाडीवानाला म्हणाल्या, "जावा दादा. झाली तपासणी." गाडी निघाली, बायका निघाल्या, आणि आम्हीही घाट उतरायला लागलो. ब्रेक दाबत सोडत, दाबत सोडत.

चाचींची आई ओसरीवर वाकळेवर पडली होती. लेकीचा आवाज ऐकून तिनं हात पुढे केले, तोंड चाचपलं, कान चाचपले, मग गुडघा चाचपला. भावानं दुधाचा पेला आणला तो तिनं लेकीच्या हातून घेतला. अर्धा पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "एवढ्या पावसाची कुठनं आलीस ग? कुठल्या आडवाटेनं आणलं ह्यांनी?"

"आडवाटेनं न्हाय, अम्मी," चाची म्हणाल्या. "सरळ रस्त्यानं आले."

म्हातारीनं नाकेदारांच्या दिशेनं हात केला. ते तिच्या पायाशी जाऊन बसले आणि ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

माझी रजा एकच दिवसाची होती. मी दुसऱ्या दिवशी परत आलो आणि ते दोघं तिथेच राहिले. त्या मुक्कामात म्हातारी उठून बसू लागली, आणि ती पुढे बरीच वर्षं जगली. ते परत यायचे होते त्या दिवशी मी सामान घ्यायला सायकल घेऊन खाली गेलो. रानं वाळली होती, पाटाचा खचलेला बांध बुजवला होता, आकाश स्वच्छ होतं. नाकेदारांच्या कोटाला गळ्यापाशी पितळी बटण शिवलेलं दिसलं.

घाट चढून आल्यावर, येडशीच्या अलीकडे पाटाचा फाटा येतो तिथे चाचींनी नवऱ्याच्या पाठीला हात लावून सायकल थांबवली.

"रस्ता हिकडं हाय," नाकेदार म्हणाले. "सरळ."

"ठाऊक हाय मला," चाची म्हणाल्या. "एवढी वर्षं पोत्याला हिंडवलं. आता मला दावा की तुमच्या वाटा."

नाकेदारांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी सायकल वळवली आणि पाटाच्या बांधावर घातली, तांब्या भरलेला असताना घालायचे तशी. माझी काही तिथे गरज नव्हती. मी फाट्यावर उभा राहून बघत होतो. पाण्यात दोघांची सावली पडली होती. नाकेदार हात करून काहीतरी दाखवत होते, साखरेची वाट असेल नाहीतर कापडाची, आणि चाची त्यांच्या पाठीला टेकून तिकडे बघत होत्या. कोटावरची खूण त्यांनी झटकली नव्हती. चाचींच्या खांद्यानं ती निम्मी पुसली गेली होती.